पपांच्या दहा कॉइल

आमच्या बेसमेंटमध्ये गेल्या चार वर्षांत इतकी जुनी यंत्रं जमली आहेत, की पाहुणे आले की आम्ही वरचं दार लोटून घेतो. एकदा एका शेजाऱ्याने दाराच्या फटीतून डोकावून विचारलंच, भंगाराचा धंदा काढला आहे का. तसं काही नाही. ही सगळी खरेदी एका पेटीसाठी झाली, आणि ती पेटी पपांची.

पपा आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. लग्नाला इतकी वर्षं झाली की हा हिशेब आता कोणी ठेवत नाही, दोघांचेही ते पपाच. शिक्षण माझगावच्या सर एली कदूरी शाळेत, म्हणजे केहिमकरांनी १८७५ मध्ये सुरू केलेली आपली जुनी इस्रायली शाळा. आपल्यात त्या काळी पोरगा शिकला की रेल्वे, पोस्ट, दवाखाना नाहीतर गिरणी. पपा मुंबईच्या एका मोठ्या कारखान्यात चिकटले, ते मीटर-रूममध्ये. कारखान्यातले मीटर तिथे तपासायला यायचे. चांगल्या यंत्राशी ताडून पाहायचे, बरोबर असतील तर दाखल्यावर सही करायची. सही पपांची.

१९६८ मध्ये त्यांनी साहेबाला लिहून दिलं, की मीटर-रूममधला मुख्य ब्रिज, ज्याच्यावर सगळा भरवसा, तो शंभरास एक या जोडणीवर दहा हजारांत तीन इतका चुकतो. साहेब म्हणाला, ब्रिज विलायतेचा आहे, तू कशाने तपासलास? पपांनी आपली पेटी दाखवली. सागवानी लाकडाची, आत स्वतःच्या हाताने गुंडाळलेल्या दहा कॉइल. साहेबाने विचारलं, विलायती ब्रिज खरा की तुझी ही पेटी? आणि दाखले पुढे केले. पपांनी सही केली नाही. पुढच्या महिन्यापासून ते स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला बसले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. कारखान्याचं नाव आम्ही लिहीत नाही. साहेबाचंही नाही.

घरात ही गोष्ट निघायची ती अर्धवट. पपा स्वतः कधी सांगत नसत. नातेवाइकांत दोन पक्ष होते. एक म्हणे बिचाऱ्यावर अन्याय झाला. दुसरा म्हणे, हाताने गुंडाळलेल्या तारेवर विसंबून साहेबाशी भांडायला कोणी सांगितलं होतं? खरं सांगायचं तर आम्हीही मनातून बराच काळ दुसऱ्या पक्षात होतो. पपा गेले, पेटी आणि एक वही आमच्या सामानातून इथे आली आणि कपाटावर पडून राहिली.

इथे म्हणजे ट्रॉयला. मिशिगनमधलं नव्हे, ज्याचं नाव तुम्ही इतर भारतीय मंडळींकडून ऐकलं असेल. आमचं ट्रॉय न्यूयॉर्क राज्यातलं, हडसन नदीच्या काठावरचं. हे गाव मापांचं आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. विल्यम गर्ली नावाचा इथल्याच रेन्सेलर संस्थेत शिकलेला माणूस १८४५ मध्ये एका यंत्रकाराचा भागीदार झाला. १८५२ पासून तो आणि त्याचा भाऊ डब्ल्यू. अँड एल. ई. गर्ली या नावाने जमीन मोजण्याची यंत्रं बनवू लागले. १८६२ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, त्यात त्यांचा कारखानाही गेला. त्यांनी तो त्याच वर्षी पुन्हा उभारला. फल्टन रस्त्यावरची ती विटांची इमारत आजही आहे, आम्ही तिच्यावरून जातो-येतो. पुढे त्यांनी सरकारी निरीक्षकांसाठी प्रमाण वजनं-मापंही केली, म्हणजे दुकानदाराचं माप खरं की खोटं हे ज्यांच्यावरून ठरवायचं ती मापं.

अशा पितळी वजनांचा एक संच आम्हाला गावातल्या जुन्या बाजारात दिसला. वरचं गर्लीचं नाव झिजलं होतं पण वाचता येत होतं. संच घेतला आणि घरी आलो तेव्हा आमच्या डोक्यात तेली घोळत होते. कोकणात आपण शनवार तेली. घाण्यावर तेल गाळायचं आणि मापाने विकायचं. पिशवीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं बाळगू नयेत हे तोराने सांगितलेलं, आणि अदशेर भरताना अंगठा मापात बुडवू नये हे आजीने. मग कपाटावरची पेटी काढली.

वही उघडल्यावर पहिली गोष्ट समजली ती ही, की पपांची युक्ती अडाणी नव्हती. प्रत्येक कॉइल हजार ओहमची. दहाही एकापुढे एक जोडल्या की दहा हजार ओहम होतात. त्याच दहा शेजारी-शेजारी जोडल्या की शंभर. दहा हजार भागिले शंभर, म्हणजे बरोबर शंभरपट. यातली मेख अशी, की कॉइल अचूक हजाराची असण्याची गरजच नाही. एक हजार एक भरली, दुसरी नऊशे नव्व्याण्णव, तरी दोन्ही जोडण्यांत त्याच दहा कॉइल असल्यामुळे चूक दोन्हीकडे सारखी पडते आणि भागाकारात कटते. कॉइल हजारात एक इतक्या मागेपुढे असल्या, तरी शंभरपटीत चूक उरते ती दहा लाखांत एक एवढीच. ऑस्ट्रेलियातल्या हॅमन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये यावर निबंध लिहिला आणि प्रयोगशाळांत आता ही जोडणी त्याच्याच नावाने ओळखतात. पपांच्या वहीत हॅमनचं नाव नाही. समासात एवढंच लिहिलं आहे: मिन्यानला दहा हवेत, दहाही त्साद्दिक असावेत असं नाही.

म्हणजे साहेबाचा प्रश्नच चुकीचा होता. विलायती ब्रिज खरा मानायचा की हाताने केलेल्या कॉइल खऱ्या मानायच्या, असा सवालच नव्हता. कॉइल खऱ्या नसल्या तरी चालणार होतं. त्या एकमेकींच्या जवळपास असल्या की पुरे. हे आज मोजून पाहता येईल, असं आमच्यापैकी एक म्हणालं आणि तिथून खर्चाला सुरुवात झाली.

ट्रॉयहून पंचवीसेक किलोमीटरवर स्केनेक्टडी आहे, जनरल इलेक्ट्रिकचं मूळ गाव. तिथे जन्म काढलेले इंजिनिअर आसपासच राहिले, आणि म्हातारपणी ते गेले की मुलं घरातलं सामान विकायला मांडतात. सोफे, ताटं, बर्फावरच्या स्की, आणि बेसमेंटमध्ये एखादी अवजड काळी पेटी, जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. आमचा पहिला डेकेड बॉक्स असाच मिळाला, मॅसॅच्युसेट्सच्या जनरल रेडिओ कंपनीचा, चाळीस डॉलरला. डेकेड बॉक्स म्हणजे बटणं फिरवून हवा तितका रेझिस्टन्स लावायचं यंत्र. विकणारी बाई म्हणाली, माझे वडील याला हात लावू देत नसत. आम्ही पैसे दिले आणि थोडा वेळ तिथेच उभे राहिलो.

जुनं यंत्र घरी आणलं की पहिले दोन दिवस त्याला काही करायचं नाही, हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. नुसतं पाहायचं. आधीच्या कोणी कुठला स्क्रू उघडला आहे, कुठला सांधा नंतरचा आहे, धूळ कुठे जमली आहे आणि कुठे जमलेली नाही. मग साफसफाई. स्विचच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षांचा काळा थर असतो. आमच्यापैकी एकाने त्यासाठी पॉलिश पेपर हातात घेतला होता, दुसऱ्याने तो काढून घेतला. पेपर मारला की पट्टीवरचा मुलामा जातो आणि पुन्हा येत नाही. शुद्ध अल्कोहोल, मऊ ब्रश, स्विच पन्नास वेळा फिरवायचा, पुसायचं, पुन्हा फिरवायचा. तारांच्या मधल्या प्लास्टिकवर नुसती बोटं लागली तरी घामाचा थर राहतो आणि त्यातून वीज झिरपते. म्हणून हातमोजे. भाकरीच्या पिठाचे हात तर अजिबात नकोत, हा नियम आमच्या घरात भांडण होऊन ठरला.

दुसरी खरेदी फ्लूक कंपनीच्या नल डिटेक्टरची, मॉडेल ८४५. तराजूची दोन पारडी समान झाली की काटा मध्यावर येतो ना, तसं हे विजेच्या तराजूचं काटा दाखवणारं यंत्र. व्होल्टाचा दहा लाखावा भागही त्याला दिसतो. आमचं आलं ते मुकं. आतले रिचार्जेबल सेल गळले होते, पट्ट्यांवर पांढरी बुरशी आणि तांब्यावर हिरवं. हा गळलेला रस खारट जातीचा, म्हणून व्हिनेगरने मारायचा, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवायचा, मग मंद उबेत दोन दिवस वाळवायचा. चार कपॅसिटर बदलले. तरीही काटा डुलत होता. शेवटी आत डोकावलं तर छोटा निऑन दिवा अर्धाच लागत होता. या यंत्रात निऑनच्या उघडझापीने सिग्नल कापला जातो, दिवा थकला की सगळंच थकतं. दिवा काही सेंटांचा. शोधायला सहा आठवडे गेले.

मग हौस नडली. वेस्टन सेल नावाची काचेची एक जोडनळी असते, पारा आणि कॅडमियमची. ती सुमारे १.०१८ व्होल्ट इतकी स्थिर देते, की विसाव्या शतकात कितीतरी वर्षं जगाचा व्होल्ट तिच्यावरून ठरत असे. १९९० पासून ते काम अतिथंड धातूंच्या जोडाकडे गेलं आणि हे सेल निवृत्त झाले. खरं म्हणजे आमच्या कामाला त्याची गरजच नव्हती, रेझिस्टन्सच्या तुलनेत व्होल्ट कितीही असला तरी चालतो. पण एक चांगला सेल विकायला दिसला आणि दोघांनाही राहवलं नाही. आम्ही विकणाऱ्याला तीनदा कळवलं, उभाच पाठवा, आडवा करू नका, शक्य तर आम्ही गाडीने येऊन नेतो. त्याने साध्या खोक्यात आडवा भरून पाठवला. पारा नळीच्या भलत्या हातात गेला होता. महिनाभर उभा ठेवून पाहिला, आकडा रोज नवा. पैसे गेले, आणि पारा-कॅडमियम कचऱ्यात टाकता येत नाही म्हणून घातक कचरा घेण्याच्या दिवसाची वाट पाहत तो आमच्याकडे वर्षभर पाहुणा राहिला.

कामाची खरी वस्तू होती हजार ओहमचा प्रमाण रेझिस्टर. लीड्स अँड नॉर्थ्रप या फिलाडेल्फियाच्या कंपनीचा, पितळी डब्यातला, वापरलेला. विकत घेतला त्याहून जास्त पैसे तो एका प्रयोगशाळेतून तपासून आणायला लागले. पण त्या दाखल्याशिवाय तो नुसता डबा. दाखल्यावर त्या प्रयोगशाळेचं माप कोणत्या मापावरून आलं ते असतं, त्याच्यावरचं कुठून आलं तेही, असं करत साखळी राष्ट्रीय संस्थेपर्यंत जाते, जी १९०१ मध्ये स्थापन झाली आणि आता निस्ट म्हणून ओळखली जाते. सहीखाली सही, तिच्याखाली सही. हा कागद हातात घेतला तेव्हा पपांनी न केलेली सही आम्हाला पहिल्यांदा नीट समजली.

हे रेझिस्टर तेलात बुडवून ठेवतात, तापमान एकसारखं राहावं म्हणून. आम्ही औषधाच्या दुकानातून मिनरल ऑइलच्या बाटल्या आणल्या. इथे ते बद्धकोष्ठावर देतात, आणि एकदम बारा बाटल्या घेतल्यावर काउंटरवरच्या मुलीने आमच्याकडे फार काळजीने पाहिलं. पपांच्या पेटीतही तळाशी पत्र्याचं भांडं आहे आणि वहीत लिहिलं आहे, लिक्विड पॅराफिन, केमिस्टकडून. त्यांनाही ते तेलातच बुडवावं लागलं होतं. मुंबईच्या पावसाळ्यात कॉइलवरचं लाखेचं व्हार्निश ओल पिऊन फुगतं, तार ताणली जाते आणि रेझिस्टन्स वाढतो. अमेरिकेच्या मापन संस्थेलाही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच ऋतूंचा खेळ सापडला होता. पपांच्या वहीत जुलैच्या पानांवर आकड्यांशेजारी नुसतं ‘पाऊस’ लिहिलेलं आहे. घाणा सुटून तीन पिढ्या झाल्या, तेल काही सुटलं नाही, असं आमच्यापैकी एक म्हणालं. दुसऱ्याने तोपर्यंत अर्धी बाटली जमिनीवर सांडली होती.

मोजायला बसलो तर सातवी कॉइल मेलेली. तार शाबूत, पण खांबाशी सांधा तुटलेला. आता सांधा नवा करायचा म्हणजे पपांच्या हाताच्या कामावर आपला हात फिरवायचा. तीन आठवडे आम्ही त्याला शिवलो नाही. नऊ कॉइलवरही हिशेब होतो, नवाचा वर्ग एक्याऐंशी, पण मग तो साहेबाच्या ब्रिजचा शंभर उरत नाही. शेवटी वही पुन्हा चाळताना अगदी मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं दिसलं: ७ चा सांधा कच्चा, पुन्हा करणे. परवानगी मिळाली. रात्री जेवणं आटोपून सांधा केला, एकाने भिंग धरलं, दुसऱ्याने कावीळ झाल्यासारख्या पिवळ्या दिव्याखाली सोल्डर लावलं.

पद्धत सोपी ठेवली. तराजूत खोट असली तरी एकाच पारड्यात आधी माप ठेवलं आणि मग तिथेच माल ठेवला तर फसगत होत नाही, हे कोणताही जुना वाणी जाणतो. आम्ही ब्रिजमध्ये आधी प्रमाण रेझिस्टर लावला, काटा मध्यावर आणला, मग त्याच जागी पपांची कॉइल. बॅटरी उलटसुलट करून दोन्ही आकड्यांची सरासरी, कारण दोन धातूंच्या जोडावर नुसत्या उबेनेही थोडी वीज उगवते. टर्मिनलला बोट लागलं की काटा सरकायचा आणि दहा मिनिटं गप्प बसावं लागायचं. सहा रात्री गेल्या.

नऊ कॉइल एकमेकींपासून दहा हजारांत दोनच्या आत. सातवी, नव्या सांध्याची, दहा हजारांत सहा दूर. हे वर्गात घालून सरासरी काढली की शंभरपटीतली चूक दहा लाखांत एकाच्याही खाली जाते. जोडणीच्या तारांसाठी हात अगदी सैल सोडला तरी लाखात एक. पपांनी दाखवलेली ब्रिजची चूक याच्या तीसपट होती.

आमच्यातला संशयी जीव म्हणाला, हे आजचं झालं, १९६८ चं काय? तेव्हा वहीतलं ते पान काढलं जिथे पपांनी दहाही कॉइल एकमेकींशी ताडल्या होत्या. सर्वांत जड तिसरी, मग दहावी, मग पहिली, सर्वांत हलकी आठवी. आमचा कागद शेजारी ठेवला. सातवी सोडली तर क्रम तोच. पन्नासहून अधिक वर्षं, मुंबईचे पावसाळे, एक विमानप्रवास, इथल्या हिवाळ्यातली हीटरची कोरडी हवा, आणि तिसरी अजून दहावीच्या पुढेच. बनवलेले आकडे असे जुळत नाहीत. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग एकाने उठून चहा टाकला.

नव्याच्या सणाच्या आदल्या दिवशी लोदला आत्याला फोन केला. पपांची धाकटी बहीण, १९६९ मध्ये लग्न करून तिकडे गेलेली. ती चिकाचा हलवा ढवळत होती, फोन सुनेने तिच्या कानाशी धरला होता. आम्ही कॉइल, तेल, दहा लाखांत एक, सगळं सांगायला लागलो.

“मला आकडे नका सांगू रे,” ती म्हणाली. “त्याने सही केली नाही, ते बरोबर होतं ना, तेवढं सांगा.”

“हो आत्या. बरोबर होतं.”

पलीकडे नुसता कढईचा आवाज. मग ती म्हणाली, “त्याची पगारवाढ गेली म्हणून माझ्या लग्नाला आईने पाटल्या मोडल्या. मी इतकी वर्षं त्याच्यावर रागावले होते. त्याला ठाऊक होतं.”

आम्हाला हे ठाऊक नव्हतं. काय बोलावं कळेना, म्हणून विचारलं, हलवा जमला का. ती म्हणाली, हलव्याचं राहू द्या, ती पेटी इकडे पाठवा, मला बघायची आहे.

पाठवणार कसली! वेस्टन सेलचं काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. तेल काढून, कॉइल कापसात गुंडाळून, पेटी हातातल्या सामानात घेऊन आम्ही पेसाहला स्वतःच जाणार आहोत. वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलच्या त्या ओळीखाली, निघण्याआधी एवढं लिहिलं आहे: ७ चा सांधा केला. ट्रॉय. तेल २५ अंश. पाऊस नाही.